उलटे आटे

जुन्या विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. एका चाकाला पाच, असे हे दहा नट. एरवी नट उजवीकडे फिरवला की आवळतो आणि डावीकडे फिरवला की सुटतो. हे दहा नट नेमके त्याच्या उलट वागतात. मला हे कळले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. सरकारी लिलावात घेतलेली आमची जीप बेळगावच्या कॅम्पाजवळच्या एका गॅरेजात उभी होती. पान्याला लोखंडी नळी अडकवून, तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहून मी जोर लावत होतो. मिस्त्रींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ते जवळ आले.

"काय करालास रे? डावं चाक हाय ते. उलटं फिरीव."

उलट फिरवल्याबरोबर नट निमूट सुटला. आणखी दोन झटके दिले असते तर स्टडच तुटून हातात आला असता. मग मिस्त्रींनी चिंधीने ग्रीस पुसून स्टडचे टोक दाखवले. त्यावर 'एल' हे अक्षर ठोकलेले होते. गाडी पुढे जात असताना डावे चाक बाहेरून पाहणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसते. त्या बाजूला सरळ आट्यांचा नट धक्क्यांनी हळूहळू सैल होऊ शकतो, म्हणून जीप बनवणाऱ्यांनी डावीकडे आटेच उलटे पाडले आणि विसर पडू नये म्हणून तिथे अक्षरही कोरून ठेवले. मिस्त्री म्हणाले, "गाडीनं सांगितलं हुतं तुला. तू वाचलं नाहीस."

जीपचा इतिहास लढायांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. कुठल्या आघाडीवर ती कशी धावली, कुठला सेनापती तिच्यात बसला, हे सगळे छापून आले आहे. परंतु जी गाडी १९४१ साली युद्धासाठी बनली ती पन्नास-साठ वर्षांनंतरही आपल्या घाटांत का चालत होती, या प्रश्नाचे उत्तर लढायांत सापडत नाही. ते दुरुस्तीच्या इतिहासात आहे. आणि हा इतिहास बहुतांशी लिहिलेला नाही. तो मिस्त्रींच्या हातांत होता आणि ते हात आता एकेक करून निघून चालले आहेत.

आरंभापासून सांगायचे तर, १९४० च्या जुलैत अमेरिकेच्या युद्धखात्याने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना तयार करण्यासाठी मुदत दिली अवघ्या ४९ दिवसांची. उत्तर दिले फक्त दोन कंपन्यांनी. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहान, मोडकळीस आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावून काही दिवसांतच आराखडा करवला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मुदतीच्या आत नमुना हजर केला. बँटमचा कारखाना मात्र फार लहान होता. सरकारने तिचे आराखडे विलीस आणि फोर्ड या दोघांना दाखवले. विलीसकडे डेल्मर रूस यांनी सुधारलेले ६० अश्वशक्तीचे दणकट इंजिन होते. त्याच्या बळावर १९४१ साली मोठे कंत्राट विलीसला मिळाले. गाड्या पुरेनात तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डलाही काम देण्यात आले. पण एका अटीवर. फोर्डने गाडी विलीसच्याच नकाशाप्रमाणे बनवायची आणि एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे.

ही अट मला जीपच्या साऱ्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटते. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कारखान्यांतून मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' अक्षर ठोकत असे. त्यापलीकडे फरक थोडा. त्यामुळे रणांगणावर पडलेल्या दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप उभी करता येत असे आणि तिला आपल्या अंगात परका भाग बसला आहे याचा पत्ताही लागत नसे.

दुसरी गोष्ट चालकाविषयीची. अमेरिकन सैन्याने वाहनांच्या देखभालीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. पाचव्या पायरीवर इंजिन संपूर्ण नव्याने बांधणारे मोठे कारखाने होते, तर पहिल्या पायरीवर खुद्द चालक होता. गाडी सुरू करण्यापूर्वी, चालवताना, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर, अशा चार वेळी काय पाहायचे हे त्याच्या पुस्तिकेत क्रमाने दिलेले असे. दर हजार मैलांनी एक आणि दर सहा हजार मैलांनी दुसरी मोठी तपासणी. चालक काल-परवापर्यंत शेतावर किंवा दुकानात काम करणारा पोरगा असे; म्हणून ही पुस्तिका त्याला समजेल अशा भाषेत आणि भरपूर चित्रांसह छापली जाई. 'आर्मी मोटर्स' नावाच्या लष्करी मासिकात विल आयस्नर हा पुढे नावाजलेला चित्रकार गाडीची हेळसांड करणाऱ्या 'जो डोप' नावाच्या बावळट सैनिकाच्या चित्रकथा काढत असे. ग्रीस द्यायला विसरलेल्या माणसाची फजिती पाहून हसणारा वाचक स्वतः ग्रीस द्यायला विसरत नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

सारांश, जीप मोडणार हे गृहीत धरून ती बनवली होती. आणि ती मोडेल तेव्हा जवळ कारखाना नसेल, फक्त चालक आणि त्याची हत्यारांची पेटी असेल, हेही गृहीत धरले होते. इंजिन साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये. वरचे हेड म्हणजे जवळजवळ एक झाकणच. एका पान्याने नट काढून हेड उचलावे, काजळी खरवडावी आणि नवी गॅस्केट टाकून परत आवळावे. हवेच्या गाळणीत कागद नाही. तळाशी तेल असते, त्यात धूळ बसते. रॉकेलने धुवायचे, नवे तेल घालायचे, झाले. आपल्याकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर ही तेलाची गाळणी नसती तर इंजिनांच्या पिस्टन-रिंगा दोन पावसाळ्यांच्या मधल्या उन्हाळ्यातच झिजल्या असत्या.

ही गाडी हिंदुस्थानात आली ती युद्धाबरोबरच. आसाम आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर तिने माणसे वाहिली, दारूगोळा वाहिला, स्ट्रेचर अडकवून जखमी वाहिले. १९४४ साली उत्तर ब्रह्मदेशात आगगाडीची इंजिने नव्हती तेव्हा जीपला रुळांवरची चाके बसवून तिच्याकडून मालडबे ओढून घेतले गेले. या काळात हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांपर्यंत वाढले. यांतल्या हजारो खेडूत तरुणांनी जन्मात पहिल्यांदा पाना हातात धरला तो लष्करात. यंत्रे आणि वाहने सांभाळण्यासाठी १९४३ साली स्वतंत्र दल निघाले. त्यालाच आपण आज ई. एम. ई. म्हणतो. सिकंदराबाद आणि बडोदे या दोन ठिकाणच्या त्याच्या शिक्षणसंस्थांतून पिढ्यान् पिढ्या लष्करी मिस्त्री तयार झाले. आमचे मिस्त्री बडोद्यालाच शिकले आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन कॅम्पाजवळ गॅरेज काढून बसले.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. इटलीत आणि ब्रह्मदेशात लढून आलेल्या पलटणींतले लोक सुटून परत आले ते इथेच आसपास, चंदगड, खानापूर, गडहिंग्लजच्या खेड्यांत. जीप त्यांच्यापाठोपाठ आली. युद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेला माल 'डिस्पोजल'मध्ये विकायला निघाला. डाव्या बाजूला सुकाणू असलेल्या त्या अमेरिकन जीपांच्या पाठीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवून लोक त्या रस्त्यावर आणू लागले. जुन्या जीपा घ्यायच्या तर पारख करून घ्याव्या लागतात, हे स्वतंत्र भारताच्या सरकारलाही महागात पडून कळले. १९४८ साली लंडनहून मागवलेल्या दुरुस्त केलेल्या जीपांपैकी १५५ आल्या आणि त्याही सैन्याला वापरता येण्याजोग्या निघाल्या नाहीत. ते जीप प्रकरण राजकारणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. पण दुरुस्तीच्या इतिहासातही त्याला जागा हवी, कारण वरून रंग दिलेली आणि खरोखर दुरुस्त केलेली गाडी यांतला फरक त्याने देशाला दाखवला.

आता आट्यांकडे येतो. कारण या कथेतला खरा तिढा तिथे आहे.

इंग्रजांच्या यंत्रांचे आटे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेल्या पद्धतीचे होते. त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचवला. दोन्ही मापे इंचातच, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. अर्ध्या इंचाचा इंग्रजी बोल्ट अर्ध्या इंचाच्या अमेरिकन नटात एक-दोन फेरे जातो आणि मग अडकतो. नवशिका जोर लावतो आणि दोन्ही आटे खलास होतात. पान्यांचीही तीच गत. इंग्रजी पान्यावर बोल्टच्या जाडीचा आकडा, तर अमेरिकन पान्यावर नटाच्या दोन समोरासमोरच्या कडांमधल्या अंतराचा. आकडा एकच, पण पाना बसत नाही. दोस्त राष्ट्रांना युद्धात या भानगडीचा इतका उपद्रव झाला की १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून एकच आटा ठरवला.

आपल्याकडे तोवर इंग्रजी आटेच रुजलेले होते. रेल्वेचे कारखाने, गिरण्या, विहिरीवरची इंजिने सगळी त्याच वळणाची. बेळगावला तर लोखंडी कामाची परंपरा जीपच्या कितीतरी आधीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचे दुकान काढले ते इथेच, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्यापूर्वी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवले तेही इथेच. अशा गावात ६० अंशांच्या आट्यांची परकी गाडी आली. तिला गावाने आपलेसे केले ते आपल्या मापाने, सुताने.

जुन्या सुतार-लोहारांना हे सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी लिहितो. एका इंचाचे आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. जीपच्या चाकाचा स्टड चार सुती, त्याच्या नटाला लागणारा पाना सहा सुती. तिच्या इंजिनच्या सिलिंडरचा व्यास तीन इंच एक सूत, पिस्टनची धाव चार इंच तीन सूत. टोलेडोच्या कारखान्यात आखलेली ही गाडी आमच्या मिस्त्रींच्या तोंडी अशी सुतात उतरली होती की ती ओहायोची आहे यावर विश्वास बसू नये. सुताहून बारीक मापाला शब्द होता थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पॉइंटमधली फट वीस थाऊ, प्लगमधली तीस. फीलर गेज नसेल तर हॅक्सॉचे पाते घालून पाहायचे. ते साधारण पंचवीस थाऊ जाडीचे असते. प्लगमध्ये ते किंचित सैल आणि पॉइंटमध्ये मुळीच जाता कामा नये. शाळेत अपूर्णांक न शिकलेला माणूस साडेतीन सुती पाना माग म्हणाला की पोऱ्या पेटीत न पाहता सात-सोळांश इंचाचा पाना काढून देई. भारतात मेट्रिक मापे १९५८ पासून आली. गॅरेजात सूत पुढे चाळीस वर्षे टिकले, आणि त्याचे एक मोठे कारण जीप हे होते.

ही गाडी आपल्याकडे टिकली याचे श्रेय अर्थातच मुंबईच्या कारखान्यालाही आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम १९४९ साली माझगावात सुरू झाले आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून विलीसच्या परवान्यावर इथेच उत्पादन होऊ लागले. त्या वेळी निवडलेले रूप होते 'सी. जे. ३ बी'. युद्धातल्या जीपपेक्षा तिचे बॉनेट उंच, कारण आतल्या इंजिनचे हेड उंच झाले होते. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र खाली ब्लॉकमध्येच राहिले. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धाव तीच. लष्करात शिकलेल्या मिस्त्रीला नवे शिकावे लागले ते फक्त वरच्या भागापुरते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झाले. मुंबईत त्याचे वंशज त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिले.

१९५२ च्या २ ऑक्टोबरला समूहविकास योजना सुरू झाली आणि त्यानंतर 'ब्लॉकची जीप' हा खेड्यांच्या ओळखीचा शब्द झाला. वनखात्याची जीप, बांधकामखात्याची जीप, निवडणुकीची जीप. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या मुक्तीसाठी बेळगाव आणि सावंतवाडीकडे सैन्य जमले आणि पोर्तुगिजांनी पूल उडवलेल्या वाटांनी पुढे गेले. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. त्यानंतर चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या घाटवाटांनी जाणे-येणे वाढले आणि घाटात बंद पडलेली गाडी चालू करणे ही आमच्याकडे एक वेगळी विद्या झाली.

त्या विद्येतले चार धडे इथे नोंदवून ठेवतो.

पहिला, चढावर अचानक दम तोडलेल्या गाडीचा. उन्हाळ्यात इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. प्लग काढू नका, कार्ब्युरेटर उघडू नका. पंपावर ओले फडके टाका आणि पाऊण तास सावलीत बसा. मिस्त्री म्हणत, घाटात गाडीपेक्षा माणूस आधी तापतो.

दुसरा हँडलचा. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारून जीप सुरू करता येते. पण अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. झटका नेहमी वर ओढताना द्यायचा, खाली दाबताना नाही.

तिसरा, दुसऱ्या दांड्याचा. गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना गती मिळते, दुसऱ्याने ती गती जवळजवळ निम्मी आणि ओढ दुप्पट होते. चिखलात, वाळूत, निसरड्यावर ते वापरावेत. डांबरी रस्त्यावर नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. डांबरावर ते घसरत नाही, मग पीळ दांड्यांत आणि गिअरांत साठतो आणि कुठेतरी दात तुटतो. ऐट म्हणून चारही चाके जोडून बाजारातून फिरणाऱ्यांनी जितके गिअर मोडले तितके जंगलांनी मोडले नाहीत.

चौथा ब्रेकचा. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पॅडल स्पंजासारखे दबते. ती काढायला दोन माणसे लागतात. एक वर पॅडल दाबणारा, एक खाली निपल सैल करणारा. वरच्याने "दाबला" म्हणावे, खालच्याने निपल सोडून आवळावे आणि मगच "सोड" म्हणावे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. आणि ब्रेकचे तेल कमी झाले म्हणून त्यात इंजिन ऑइल कधीही घालू नये. आतले रबर फुगते आणि ब्रेक धरून बसतात. या जुन्या जीपांत चारही चाकांना एकच नळीमार्ग असतो. तो गेला की हातब्रेकखेरीज काही उरत नाही. म्हणून बाकी सगळी चालढकल चालेल, इथली नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपच्या पोटात डिझेल इंजिने आली. काही कारखान्यातून आली, जशी ट्रॅक्टरसाठी बनलेली इंटरनॅशनलची इंजिने आणि पुढे 'एम. एम. ५४०' मधले प्युजो बनावटीचे इंजिन. बाकीची गॅरेजांतच बसवली गेली. डिझेलचे वजन आणि हादरे मूळ चौकटीने धरलेले नव्हते, म्हणून चेसिसला भेगा जाऊ लागल्या आणि वेल्डिंगवाल्यांना काम मिळाले. वडापच्या जीपा धावू लागल्या त्या याच काळात. कमानीला एक जादा पाटा घालून, मागे बाक वाढवून, सहा माणसांच्या गाडीत पंधरा माणसे बसवून त्यांनी कोल्हापूर-बेळगावकडची खेडी बाजाराला जोडली. नियमाच्या दृष्टीने ते चूकच होते आणि त्यापायी माणसेही दगावली. पण जिथे एस. टी. पोचत नव्हती तिथे बाळंतीण दवाखान्यात पोचली ती याच गाडीतून, हेही खरे.

इथवरचा इतिहास चढता आहे. पुढचा तसा नाही.

नव्या गाड्यांत दुरुस्तीऐवजी भाग बदलणे आले. भाग उघडतच नाही, तो बंद डबीसारखा येतो. त्यांचे फायदे मी नाकारत नाही. त्या कमी धूर सोडतात, अधिक सुरक्षित असतात आणि घाटात ओल्या फडक्याची वाट पाहत नाहीत. पण त्या उघडता येत नाहीत म्हणून त्यांच्यापासून कोणी शिकू शकत नाही. दुसरीकडे कायदाही बदलला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा, तपासणी करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द झाली. ज्या लिलावांतून आमच्यासारख्यांच्या घरी जीपा आल्या त्या वाटा त्याबरोबर मिटल्या. पेट्रोलमध्येही आता २० टक्के इथेनॉल असते. जुन्या पंपातला रबरी पडदा ते खाते, म्हणून आता इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा शोधून बसवावा लागतो.

उरलेल्या जीपांचे दोन प्रकार झाले आहेत. काही हौशी लोकांनी मूळ रंगात, मूळ दिव्यांसह जपून ठेवल्या आहेत. त्या प्रदर्शनात झळकतात. बाकीच्यांना रुंद चाके, चकचकीत नळ्या लावून ओळखू येणार नाहीत अशा केल्या आहेत. दोन्ही प्रकारच्या मालकांशी माझे भांडण नाही. माझी काळजी तिसऱ्याच गोष्टीची आहे. या दोन्हींना शेवटी हात लावतो तो मिस्त्री सत्तरीच्या पुढचा असतो, आणि त्याच्या गॅरेजात पोऱ्या नसतो.

आमचे मिस्त्री गेले त्याला काही वर्षे झाली. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. त्यांच्या मुलाने मला बोलावून एक पत्र्याची पेटी दिली. आत पाने होते. इंग्रजी पाने एका चिंधीत, अमेरिकन दुसऱ्या चिंधीत, कधी एकत्र होऊ न दिलेले. आणि एक वही होती. त्या वहीत मराठी, कानडी आणि दखनी मिसळलेल्या भाषेत, शाईपेन्सिलीने नोंदी होत्या: कुठल्या गाडीला कितव्या थाऊला सिलिंडर बोअर केला, कुठल्या साहेबाच्या जीपला किंगपिनखाली किती शिम घातल्यावर सुकाणूचे थरथरणे थांबले, कुठला आटा कुणी खराब केला होता. काही पाने तेलाने पारदर्शक झाली होती. बऱ्याच नोंदी मला लागल्या, काही लागल्या नाहीत. त्या विचारायला आता कोणी नाही.

आपल्या दिवाळी अंकांतून किल्ल्यांवर लिहिले जाते, संस्थानांवर, घराण्यांच्या दप्तरांवर लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण गावोगावच्या लेथवाल्यांच्या, फाउंड्रीवाल्यांच्या, जीपवाल्यांच्या वह्या ही देखील दप्तरेच आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गोव्यातल्या खाणींच्या जुन्या वर्कशॉपांत, बडोदे-हैदराबादकडे स्थायिक झालेल्या लष्करी मिस्त्र्यांच्या घरी अशा पेट्या असतील. त्या भंगारात जाण्यापूर्वी कोणीतरी उघडून पाहिल्या पाहिजेत आणि वहीचा मालक हयात असेल तर त्याच्याशेजारी बसून तिचे एकेक पान समजून घेतले पाहिजे. सूत म्हणजे काय, थाऊ म्हणजे काय, हे आणखी वीस वर्षांनी सांगणारा मिळेलच असे नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी आमच्या जीपची चाके काढली. शेजारचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला होता. उजवीकडची चाके त्याने झटपट सोडवली आणि डावीकडे येऊन पान्यावर जोर लावू लागला. मी त्याला थांबवले. चिंधी दिली आणि म्हटले, "आधी स्टडचं टोक पूस. काय लिहिलंय ते वाच."

त्याने पुसले, वाचले, क्षणभर विचार केला आणि पाना उलटा फिरवला.